रोबोच्या फंडात रोबो किती?

जून २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या नॅस्डॅक बाजाराची सकाळची घंटा एका माणसासारख्या दिसणाऱ्या रोबोने वाजवली. निमित्त होते क्रेनशेअर्स या कंपनीच्या नव्या ईटीएफचे. ‘कोइड’ या नावाने व्यवहार होणारा हा फंड मानवाकृती रोबो आणि त्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्यांचे शेअर घेतो. घंटा वाजवणारा रोबो चीनमधल्या हांगचौच्या युनिट्री कंपनीचा होता, आणि युनिट्री तेव्हा कुठल्याही शेअर बाजारात नव्हती. ज्या रोबोच्या हातून फंडाचा मुहूर्त झाला, त्याच्या कंपनीचा एकही शेअर बाजारातून त्या फंडाला घेता येत नव्हता.

रोबोटिक्स आणि ‘फिजिकल एआय’च्या नावाने निघणाऱ्या फंडांचा आढावा घेताना ही विसंगती सतत समोर येते. रोबो येणार, हे एक विधान. रोबोवर शेअरधारकाला चांगला पैसा मिळणार, हे दुसरे. फंडाची जाहिरात पहिले विधान पटवून देते. पैसे मात्र आपण दुसऱ्यावर लावतो. पहिल्याबद्दल माझ्या मनात फारशी शंका नाही. दुसऱ्याचा हिशेब मांडायला बसले की तो बऱ्याच ठिकाणी अडतो. कुठे अडतो, तेच पाहायचे आहे.

जानेवारी २०२५ मध्ये लास व्हेगासच्या सीईएस प्रदर्शनात एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन ह्वांग यांनी फिजिकल एआयचा गजर केला आणि त्यानंतर हा शब्द फंडांच्या माहितीपत्रकांत सर्रास दिसू लागला. कल्पना सोपी आहे. कारखान्यातला जुना रोबो एकच हालचाल लाखो वेळा बिनचूक करतो, पण वस्तू चार बोटे बाजूला ठेवली की हवेत पकड मारतो. नव्या पद्धतीत कॅमेऱ्यातून दिसणारे दृश्य आणि साध्या भाषेतली सूचना घेऊन हात कसा हलवायचा हे मॉडेलच ठरवते. गुगल डीपमाइंडने जुलै २०२३ मध्ये दाखवलेले ‘आरटी-२’ हा या वाटेवरचा एक ठळक टप्पा.

अडचण आहे ती शिकवणीच्या साहित्याची. चॅटजीपीटीला शिकवायला इंटरनेटवर मजकुराचे डोंगर आयते पडलेले होते. सदऱ्याची घडी घालताना बोटांनी किती दाब द्यायचा, याची नोंद अशी कुठेच साठलेली नाही. ती गोळा करण्यासाठी माणसे दुरून रोबो चालवतात, किंवा संगणकातल्या आभासी कारखान्यात रोबोंकडून तीच हालचाल लाखो वेळा घोकून घेतात. ‘रूम्बा’ झाडू बनवणाऱ्या आयरोबोटचे एक संस्थापक रॉडनी ब्रुक्स यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये मोठा निबंध लिहून नेमके इथेच बोट ठेवले. माणसाच्या एका हातात स्पर्श टिपणारी सुमारे १७ हजार संवेदकेंद्रे असतात. नुसते व्हिडिओ दाखवून हे कसब शिकवता येईल ही समजूत खुळी आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख. ब्रुक्स यांची नंतरची कंपनी रीथिंक रोबोटिक्स २०१८ मध्ये बंद पडली, तेव्हा त्यांच्या बोलण्यात थोडा कडवटपणा असेलही. पण या धंद्यात पैसा बुडताना जवळून पाहिलेल्या माणसाचे म्हणणे मी तरी कानाआड करणार नाही.

तंत्रज्ञानाची चर्चा एवढी पुरे. आपल्याला फंड उघडून पाहायचा आहे.

या प्रकारातला जुना अमेरिकी ईटीएफ म्हणजे ऑक्टोबर २०१३ मध्ये आलेला ‘रोबो’, आणि सर्वांत गाजलेला म्हणजे ग्लोबल एक्सचा सप्टेंबर २०१६ मधला ‘बॉट्झ’. दोघांचे नाव जवळपास एकच काम सांगते, पण घडण वेगळी आहे. ‘रोबो’मध्ये सुमारे ८० कंपन्या थोड्याथोडक्या प्रमाणात असतात. ‘बॉट्झ’चा भर मोजक्या बड्या कंपन्यांवर असतो: एनव्हिडिया, इंट्युटिव्ह सर्जिकल, स्वित्झर्लंडची एबीबी, जपानच्या कीएन्स आणि फानुक. एकाच विषयाचे हे दोन फंड एखाद्या वर्षी अगदी वेगळे आकडे दाखवतात. विषय बरोबर ओळखूनही कुठला फंड घेतला यावर निकाल ठरतो, ही पहिली पायरी. इथेच बरेच जण घसरतात.

आता एकेक नाव. एनव्हिडियापासून सुरुवात करू, कारण अशा फंडांच्या यादीत ती बहुधा वरच असते. जानेवारी २०२५ मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात कंपनीची विक्री १३,०५० कोटी डॉलर होती. त्यात वाहने आणि रोबोटिक्स या खात्याचा वाटा १७० कोटी डॉलर, म्हणजे शेकडा सव्वाच्या आसपास. बाकीचा बहुतांश पैसा डेटा सेंटरच्या चिपांचा. उद्या रोबोंना लागणारी ‘बुद्धी’ एनव्हिडियाच्या चिपांवर चालेल हे खरे असू शकते, पण आज हा शेअर वर-खाली होतो तो मायक्रोसॉफ्ट आणि मेटा चिपांवर किती खर्च करणार यावर. काजू-चिवड्याच्या पुड्यात काजू शोधावे लागतात, तशी ही गत आहे.

माझ्या दृष्टीने सर्वांत बोलके उदाहरण टेराडाइनचे, आणि त्याचा धागा आपल्या चाकणपर्यंत येतो. बजाज ऑटोने चाकणच्या कारखान्यात २०१० पासून ‘कोबॉट’ बसवायला सुरुवात केली. कोबॉट म्हणजे कामगाराच्या खांद्याला खांदा लावून काम करणारा, पिंजऱ्यात कोंडावा न लागणारा हलका यांत्रिक हात. मध्ये माणूस आला तर तो थांबतो. आधीच्या रोबोभोवती जाळीचे कुंपण लागे, त्याला पायाभरणी लागे आणि काम बदलले की बाहेरून तज्ज्ञ बोलवावा लागे. हा हात उचलून दुसऱ्या जागी लावता येतो आणि त्याला काम शिकवणेही तुलनेने सोपे. बोल्ट कसण्यासारख्या कामांवर बजाजने असे शंभराहून अधिक हात लावले. ते आले डेन्मार्कच्या ओडेन्स शहरातल्या युनिव्हर्सल रोबोट्सकडून. फिजिकल एआयचा गाजावाजा सुरू होण्याच्या कितीतरी आधी, प्रत्यक्ष शॉप फ्लोअरवर रोबो माणसाशेजारी आला तो असा.

युनिव्हर्सल रोबोट्सचा शेअर हवा असेल तर? २०१५ मध्ये अमेरिकेच्या टेराडाइनने ही कंपनी सुमारे २८.५ कोटी डॉलरना विकत घेतली. त्यामुळे ‘रोबो’सारख्या फंडात टेराडाइन दिसते. पण टेराडाइनचा मूळ धंदा आहे चिपांची तपासणी करणाऱ्या यंत्रांचा. २०२४ मध्ये तिच्या सुमारे २८२ कोटी डॉलर विक्रीत रोबोटिक्सचा वाटा सुमारे ३६.५ कोटी, म्हणजे १३ टक्के. २०२५ मध्ये तर गंमतच झाली. कंपनीची रोबोटिक्सची विक्री आदल्या वर्षापेक्षा खाली आली, या विभागात नोकरकपात झाली, आणि त्याच वर्षी टेराडाइनचा शेअर जोरात वाढला, कारण एआय चिपांच्या तपासणीची मागणी वाढली होती. फंडाच्या मासिक पत्रकात ही वाढ ‘रोबोटिक्स’च्या खात्यावर जमा. ज्याने चाकणमधला कोबॉट पाहून फंड घेतला असेल, त्याचा अंदाज चुकला तरी त्याला पैसे मिळाले. असे पैसे मिळणे वाईट नाही, पण त्यातून आपला अंदाज बरोबर होता असा समज होतो आणि पुढच्या खेपेला माणूस जास्त रक्कम लावतो.

रोबो हाच ज्यांचा धंदा आहे अशा कंपन्याही यादीत आहेत, आणि त्यात इंट्युटिव्ह सर्जिकलला तोड नाही. तिच्या ‘दा विंची’ शस्त्रक्रिया यंत्राला अमेरिकेत २००० मध्ये परवानगी मिळाली. यंत्र एकदा विकले जाते. पण त्याच्या टोकाला बसणारी कात्री-चिमट्यासारखी उपकरणे ठरावीक वेळा वापरली की बाद होतात आणि नवी घ्यावी लागतात. वापर मोजण्याची सोय उपकरणातच असते. २०२४ मध्ये कंपनीची विक्री सुमारे ८३५ कोटी डॉलर होती आणि त्यातला चार पंचमांशाहून अधिक भाग अशा पुन्हा पुन्हा येणाऱ्या उत्पन्नाचा होता. शस्त्रक्रिया जितक्या वाढतील तितका गल्ला वाढतो; नवी यंत्रे एखाद्या वर्षी कमी खपली तरी कंपनी हलत नाही. हा धंदा रोबोमुळे जितका चालतो तितकाच या रचनेमुळे चालतो, आणि अशी रचना कारखान्यातल्या रोबोवाल्यांना जमलेली नाही.

जपानच्या कीएन्सची गोष्ट निराळी. ही कंपनी सेन्सर आणि यंत्रदृष्टीची उपकरणे बनवून घेते; उत्पादन बहुतेक बाहेर, आणि कामकाजी नफा विक्रीच्या ५० टक्क्यांच्या आसपास. फुजी पर्वताच्या पायथ्याशी पिवळ्या इमारतींत पिवळे रोबो बनवणारी फानुक ही मात्र अस्सल रोबो कंपनी, आणि म्हणूनच तिचा ताळेबंद या धंद्याचे खरे रूप दाखवतो. मार्च २०१८ मध्ये संपलेल्या वर्षात फानुकची विक्री सुमारे ७२,६०० कोटी येन होती. दोनच वर्षांनी ती सुमारे ५०,८०० कोटी येनवर आली. अमेरिका-चीन व्यापारयुद्ध पेटले, गाड्यांचे आणि मोबाइलचे कारखाने थबकले आणि मागणी आटली. रोबो ही भांडवली वस्तू आहे. मंदीची चाहूल लागली की कारखानदार सगळ्यात आधी तीच खरेदी पुढे ढकलतो. फंडाच्या पत्रकात मात्र तिला ‘दीर्घकालीन वाढीची संकल्पना’ म्हणतात.

याच जोडीला आंतरराष्ट्रीय रोबोटिक्स महासंघाचे आकडे ठेवावेत. जगभरच्या कारखान्यांत २०२२ मध्ये सुमारे ५.५३ लाख नवे औद्योगिक रोबो बसले, २०२३ मध्ये ५.४१ लाख, २०२४ मध्ये ५.४२ लाख. म्हणजे ज्या वर्षांत एआयचा सर्वाधिक गलबला झाला, त्याच वर्षांत कारखान्यात बसणाऱ्या रोबोंची संख्या जागच्या जागी राहिली. एकूण कामावर असलेले रोबो ४६ लाखांच्या पुढे गेले आहेत, हेही खरे. चढ आहे, पण तो बाजारभावात धरलेल्या वेगाचा नाही.

फंडात काय आहे ते पाहिले. काय नाही, ते अधिक महत्त्वाचे.

सप्टेंबर २०२५ मध्ये मानवाकृती रोबो बनवणाऱ्या फिगर या अमेरिकी कंपनीचे मूल्य गुंतवणूकदारांनी ३,९०० कोटी डॉलर धरले. रोबोंसाठी सर्वसाधारण मॉडेल बनवणारी फिजिकल इंटेलिजन्स ही कंपनी त्याच वर्षी ५६० कोटी डॉलरवर पोचली. दोन्ही खासगी. सामान्य माणसाच्या हाती यांचे शेअर लागतील ते नोंदणीनंतर, म्हणजे पहिली मोठी वाढ व्हेंचर फंडांनी खिशात घातल्यानंतर. रस्त्यावर खरोखर चालणारे फिजिकल एआय पाहायचे तर वेमोच्या चालकाविना धावणाऱ्या टॅक्सी पाहाव्यात; एप्रिल २०२५ मध्ये त्या आठवड्याला भाड्याच्या अडीच लाखांहून अधिक फेऱ्या मारत होत्या. पण वेमो अल्फाबेटच्या पोटात आहे, आणि अल्फाबेट जगते जाहिरातींवर. ॲमेझॉनने २०१२ मध्ये किवा ही गोदामातल्या रोबोंची कंपनी ७७.५ कोटी डॉलरना घेतली, तिचे रोबो बाहेर विकणे थांबवले आणि सगळे आपल्याच गोदामांत लावले. जुलै २०२५ मध्ये ॲमेझॉनकडच्या रोबोंची संख्या दहा लाखांवर गेली. त्याचा फायदा ॲमेझॉनच्या शेअरधारकाला, तोही ऑनलाइन विक्री आणि क्लाउडच्या भल्यामोठ्या हिशेबात मिसळून.

जे बाजारात होते तेही बाहेर पडत आहे. जर्मनीची कूका ही जगातल्या चार मोठ्या रोबो कंपन्यांपैकी एक. चीनच्या मिडिया या कंपनीने २०१६-१७ मध्ये तिचा ताबा घेतला आणि २०२२ मध्ये उरलेल्या भागधारकांनाही बाहेर काढले. ऑक्टोबर २०२५ मध्ये एबीबीने आपला रोबोटिक्स विभाग सॉफ्टबँकेला सुमारे ५३७ कोटी डॉलरना विकायचे जाहीर केले. व्यवहार पुरा झाल्यावर फंडांनी एबीबी ठेवली, तर ते वीज उपकरणांची कंपनी ठेवतील. विकणाऱ्याची बाजूही लक्षात घ्यावी: रोबोंचा सुवर्णकाळ दारात उभा आहे असे जग म्हणत असताना, पन्नास वर्षे रोबो बनवणाऱ्या कंपनीने तो विभाग विकायला काढला. त्या विभागाची २०२४ ची विक्री एबीबीच्या एकूण विक्रीच्या सात टक्के होती. घेणारी सॉफ्टबँक कोण? तीच, जिने ‘पेपर’ नावाचा बोलका रोबो २०१४ मध्ये आणला आणि काही वर्षांत त्याचे उत्पादन थांबवले. जिने बोस्टन डायनॅमिक्स २०१७ मध्ये गुगलकडून घेतली आणि चार वर्षांच्या आत बहुतांश हिस्सा ह्युंदाईला देऊन टाकला. सॉफ्टबँकेचे मासायोशी सोन यांची हौस दांडगी आहे, धीर किती ते सांगणे कठीण.

या धंद्याचा इतिहासही गुंतवणूकदाराला फार धार्जिणा नाही. जगातला पहिला औद्योगिक रोबो, युनिमेट, १९६१ मध्ये जनरल मोटर्सच्या न्यू जर्सीतल्या कारखान्यात बसला. जॉर्ज डेव्हॉल यांचे पेटंट, जोसेफ एंगेलबर्गर यांची विक्रीची जिद्द. युनिमेशन या त्यांच्या कंपनीला पहिला नफा दिसला तो १९७५ मध्ये. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला वेस्टिंगहाउसने ती १०.७ कोटी डॉलरना घेतली आणि दशक संपेपर्यंत विकूनही टाकली. तोवर जपान्यांनी धंदा काबीज केला होता. त्यातली कावासाकी तर युनिमेशनकडूनच परवाना घेऊन शिकली होती. आयरोबोटचे ताजे उदाहरण आणखी टोचणारे. २००२ मध्ये रूम्बा, २००५ मध्ये शेअर बाजारात नोंदणी, घराघरात नाव. ऑगस्ट २०२२ मध्ये ॲमेझॉनने १७० कोटी डॉलर देऊ केले, युरोपीय नियामकांच्या विरोधामुळे जानेवारी २०२४ मध्ये तो व्यवहार फिसकटला, आणि डिसेंबर २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. तिच्यासाठी झाडू बनवून देणाऱ्या चिनी उत्पादक कंपनीकडेच मालकी जायची, असे तेव्हा ठरले. शेअरधारकांच्या हाती काही उरत नाही. घरगुती रोबो लोकांनी स्वीकारले नाहीत असे कुणी म्हणू शकणार नाही. लोकांनी ते भरभरून घेतले. स्वस्तातले घेतले, दुसऱ्यांचे घेतले.

चीनचा मुद्दा इथेच येतो. २०२४ मध्ये जगात बसलेल्या रोबोंपैकी ५४ टक्के, सुमारे २.९५ लाख, एकट्या चीनमध्ये बसले. त्यातले ५७ टक्के चिनी कंपन्यांचे होते. दहा वर्षांपूर्वी हे प्रमाण सुमारे २८ टक्के होते. एवढी बाजारपेठ मिळूनही तिथल्या कंपन्या मालामाल झालेल्या नाहीत. भावयुद्धात एस्टन ही मोठी रोबो कंपनी २०२४ मध्ये तोट्यात गेली. हाँगकाँगमध्ये नोंदलेल्या यूबीटेक या रोबो कंपनीची त्या वर्षीची विक्री सुमारे १३० कोटी युआन आणि तोटा ११६ कोटी युआन. युनिट्रीने जुलै २०२५ मध्ये ३९,९०० युआनला, म्हणजे पाच लाख रुपयांच्या आत, मानवाकृती रोबो बाजारात आणला. ग्राहकाला आनंद व्हावा असा भाव. स्पर्धकाच्या भागधारकाने मात्र घाम पुसावा. नोव्हेंबर २०२५ मध्ये चीनच्या राष्ट्रीय विकास व सुधारणा आयोगानेच जाहीर इशारा दिला: मानवाकृती रोबो बनवणाऱ्या कंपन्या दीडशेच्या वर गेल्या आहेत आणि एकसारख्या मालाने बाजार भरून जाण्याचा धोका आहे. सौर पॅनेल आणि इलेक्ट्रिक गाड्यांच्या धंद्यात असाच पुरवठ्याचा पूर आलेला जगाने पाहिला आहे. त्या दोन्ही वस्तू जगभर पोचल्या, आणि त्या बनवणाऱ्या बहुतेक कंपन्यांच्या नफ्याचे काय झाले हेही दिसलेच.

मग फंडांनी प्रत्यक्षात दिले काय? ‘बॉट्झ’ सप्टेंबर २०१६ मध्ये १५ डॉलरच्या आसपास सुरू झाला. २०२५ अखेरपर्यंत त्याचे मोल दोन ते अडीच पट झाले. त्याच काळात नॅस्डॅक १०० निर्देशांक पाच पटींच्या आसपास गेला. तोटा झाला नाही, पण विशेष धोका पत्करून साध्या निर्देशांकापेक्षा कमी मिळाले. आणि वाटचाल सरळ नव्हती: २०२२ च्या एका वर्षात हा फंड ४० टक्क्यांहून अधिक कोसळला, जेव्हा अमेरिकेचा एस अँड पी ५०० वीसेक टक्के खाली होता. शिवाय पैसा आला केव्हा? २०१७ मध्ये फंड झपाट्याने वाढला, २०१७ अखेर आणि २०१८ च्या सुरुवातीला लोकांनी त्यात अब्जावधी डॉलर ओतले, आणि २०१८ मध्ये तो सडकून आपटला. फंडाचा परतावा एक आणि फंडधारकांना मिळालेला परतावा दुसरा, हे असे होते.

हे एका फंडापुरते असते तर दुर्लक्ष करता आले असते. बेन-डेव्हिड, फ्रांझोनी, किम आणि मुसावी या चार अभ्यासकांनी अमेरिकेतल्या विशेषीकृत ईटीएफचा अभ्यास केला. त्यांचा निष्कर्ष असा की सुरू झाल्यानंतरच्या पाच वर्षांत हे फंड धोक्याचा हिशेब धरता वर्षाला सुमारे ६ टक्के गमावतात. कारण साधे आहे: विषय चर्चेत असतो तेव्हाच फंड काढला की खपतो, आणि विषय चर्चेत असतो तेव्हा त्यातले शेअर आधीच महागलेले असतात. फंड कंपनीला कुणाला फसवावे लागत नाही, ग्राहक मागतो ते ती देते. आपल्याकडेही जून २०२४ मध्ये सेक्टोरल आणि थीमॅटिक फंडांत एका महिन्यात २२ हजार कोटींहून अधिक रुपये आले, त्यातला मोठा हिस्सा एनएफओंचा, म्हणजे नव्याने विक्रीला आलेल्या योजनांचा. आणि पुढे काही महिन्यांतच, सप्टेंबरनंतर, बाजार उतरणीला लागला. दहा रुपयांचे युनिट ‘स्वस्त’ असते ही समजूत अजून गेलेली नाही, हे वितरकांना चांगले ठाऊक आहे.

भारतातून या विषयात पैसे घालायचे मार्ग आधीच अरुंद आहेत. म्युच्युअल फंडांच्या परदेशी गुंतवणुकीवर साऱ्या उद्योगासाठी मिळून ७०० कोटी डॉलर आणि परदेशी ईटीएफसाठी वेगळे १०० कोटी डॉलर अशी मर्यादा आहे. त्यातली ७०० कोटींची मर्यादा २०२२ च्या सुरुवातीला गाठली गेली, आणि ईटीएफची मर्यादा भरत आल्यावर एप्रिल २०२४ पासून अशा योजनांत नवे पैसे घेणे थांबवायला सांगण्यात आले. त्यामुळे मिरे ॲसेटच्या २०२२ मध्ये आलेल्या ‘ग्लोबल एक्स आर्टिफिशियल इंटेलिजन्स अँड टेक्नॉलॉजी’ फंड ऑफ फंडसारखी योजना घेण्याआधी ती सध्या पैसे स्वीकारते का, एसआयपी चालू आहे का, हे आधी विचारावे. फंड ऑफ फंडमध्ये खर्च दोन ठिकाणी होतो, इथल्या योजनेचा आणि तिथल्या ईटीएफचा. तिथले ‘बॉट्झ’चे शुल्क ०.६८ टक्के आणि ‘रोबो’चे ०.९५ टक्के, जे अमेरिकेत साध्या निर्देशांक फंडाच्या वीस-तीस पट आहे. करआकारणी आता तितकी जाचक नाही: १ एप्रिल २०२५ नंतरच्या विक्रीवर, २४ महिन्यांहून अधिक काळ युनिट ठेवले असेल तर १२.५ टक्के, अन्यथा आपल्या स्लॅबप्रमाणे.

थेट परदेशात खाते उघडून घेणारेही वाढले आहेत. उदारीकृत प्रेषण योजनेखाली वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम पाठवता येते. गुंतवणुकीसाठी दहा लाख रुपयांच्या वर गेलात की वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस कापला जातो. तो विवरणपत्रात वळता होतो, पण पैसे तोवर अडकतात. विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचे शेड्यूल एफए भरावेच लागते, अगदी पाच युनिट असली तरी. आणि एक गोष्ट ॲप चालवणारे सहसा सांगत नाहीत: अमेरिकेत नोंदलेले शेअर आणि ईटीएफ मिळून ६० हजार डॉलरच्या वर असतील, आणि धारक अमेरिकेच्या लेखी अनिवासी परदेशी असताना वारला, तर अमेरिकेचा वारसाकर लागू होतो, तो ४० टक्क्यांपर्यंत जातो. आयर्लंडमध्ये नोंदलेल्या फंडांना तो लागत नाही. तिथे आयशेअर्सचा ‘ऑटोमेशन अँड रोबोटिक्स’ हा ०.४० टक्के शुल्काचा फंड २०१६ पासून आहे, आणि मला हाच त्यातल्या त्यात बरा वाटतो. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी मंडळींची गोष्ट नेमकी उलटी: त्यांनी इथला फंड ऑफ फंड घेतला तर परदेशी फंडांवरच्या तिथल्या ‘पीएफआयसी’ करनियमांत सापडून करसल्लागाराची फीच परताव्याला भारी पडायची.

रुपयाचा एक लाभ मात्र नाकारता येत नाही. २०१६ मध्ये डॉलर ६७ रुपयांच्या आसपास होता, डिसेंबर २०२५ मध्ये तो ९० पार गेला. भारतीय धारकाच्या परताव्यात यामुळे वर्षाला तीनेक टक्क्यांची भर पडली. पण ही भर कुठल्याही डॉलर फंडात पडली असती, त्यासाठी रोबो लागत नाही.

भारतीय बाजारात रोबोचा शेअर शोधणाऱ्याला पुण्याच्या ॲफोर्डेबल रोबोटिक अँड ऑटोमेशनचे नाव हमखास सांगितले जाते. वेल्डिंगच्या स्वयंचलित लाइन आणि यांत्रिक पार्किंग करणारी ही लहान कंपनी २०१८ मध्ये बीएसईच्या एसएमई मंचावर आली. लहान कंपनीचे सगळे धोके तिला लागू आहेत. नोएडाच्या ॲडव्हर्बमध्ये रिलायन्सने जानेवारी २०२२ मध्ये ५४ टक्के हिस्सा घेतला, आणि रिलायन्सच्या महासागरात तो थेंब कुठे गेला ते शोधूनही सापडत नाही. टाटांच्या टाल कंपनीने पुण्यात ‘ब्राबो’ हा देशी औद्योगिक रोबो काही लाख रुपयांत आणला होता, त्याचाही मोठा धंदा उभा राहिला नाही. भारतात २०२४ मध्ये ९,१०० औद्योगिक रोबो बसले, जगात सहावा क्रमांक. पण चीनच्या तुलनेत ही संख्या सुमारे बत्तिसावा हिस्सा आहे, आणि त्यातले बरेचसे गाड्यांच्या कारखान्यांत. आपण या धंद्यात सध्या विकत घेणारे आहोत. चाकण, रांजणगाव, हिंजवडीच्या आसपास रोबो जोडून देणाऱ्या, त्यांची ग्रिपर आणि फिक्श्चर बनवणाऱ्या कितीतरी छोट्या खासगी कंपन्या बरी कमाई करत असतील. त्यांचे शेअर कुणी विकायला काढलेले नाहीत.

एवढे सगळे पाहूनही ज्यांना यात उतरायचे आहे, त्यांना मी अडवणार नाही. कुतूहलाला काही किंमत द्यावी लागते. पण एकूण शेअर गुंतवणुकीच्या पाच टक्क्यांच्या पुढे जाऊ नये, आणि आधी आपल्याकडे नॅस्डॅक १०० चा फंड आहे का ते पाहावे. एनव्हिडिया, इंट्युटिव्ह सर्जिकल आणि टेस्ला तिन्ही त्यात आहेतच. वरून रोबो फंड घेतला तर त्याच कंपन्या दुसऱ्यांदा, अधिक शुल्क देऊन घेतल्यासारखे होते. ज्यात या तीन नावांचा भार कमी आणि जपानच्या गिअर, सेन्सर बनवणाऱ्या कंपन्यांचा भार अधिक, तो फंड निदान आपल्या नावाला जागतो. मानवाकृती रोबोंवर बेतलेले नवे फंड मी सध्या तरी घेणार नाही. एलॉन मस्क यांनी टेस्लाचे ८० टक्के मूल्य एके दिवशी ऑप्टिमस रोबोतून येईल असे सप्टेंबर २०२५ मध्ये म्हटले. २०२१ मध्ये त्याच रोबोची घोषणा करताना मंचावर रोबोचा वेश केलेला माणूस नाचला होता, हे माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

येत्या वर्षभरात मी तीन गोष्टी पाहणार आहे. फानुककडे तिमाहीला येणाऱ्या नव्या ऑर्डर, त्यातही अमेरिकेच्या. एबीबीचा रोबोटिक्स विभाग हातात आल्यावर सॉफ्टबँक त्याचे काय करते. आणि टेराडाइनच्या तिमाही पत्रकातली रोबोटिक्सची ओळ. ती ओळ सलग चार तिमाह्या वर गेली, तर हा सगळा लेख मी पुन्हा तपासायला घेईन.